रकाना

तिलारीच्या पलीकडच्या रानातून आली ती,
स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात,
पोळीभाजीसारखी.
डॉक्टर डिमेलोंनी झाकण उघडलं
आणि आम्ही दोघी वाकलो.
बोटभर उंची. मेणवातीसारखी पांढरी.
टोकाला एक फूल, तेही
रंग कुठेतरी विसरून आल्यासारखं.
पानं म्हणावीत, तर नुसते खवले.
शेवंती म्हणाली, "आजारी आहे का हो?"

नाही. बरी आहे. अशीच असते.
हरितद्रव्य नाही तिच्यात, नावालाही.
उन्हाशी देणंघेणं नाही.
मुळाशी बुरशी, बुरशीचा धागा
पाचोळ्याखालून जातो
कुठल्याशा मोठ्या झाडाच्या मुळात.
झाड ऊन शिजवतं,
धागा वाहून आणतो,
ही जेवते.
"म्हणजे बांडगूळ," शेवंती म्हणाली.
"बांडगूळ हिरवं असतं. ते निदान अर्धं कमावतं,"
डॉक्टर म्हणाले, हसले,
मग का कोण जाणे, हसायचे थांबले.

आता माझं काम सांगते.
धोबीतलावच्या या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
सव्वीस पावसाळे मी बुरशीशी भांडते आहे.
मुंबईत ती कुठे नसते?
चपलेच्या पट्ट्यावर, लग्नाच्या अल्बमवर,
लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी.
इथे तर शंभर वर्षांची वाळलेली पानं.
जून लागला की कपाटाकपाटांत बल्ब,
नव्या डांबरगोळ्या,
एकेक शीट उजेडाकडे तिरकी धरून बघायची,
पांढरा ठिपका दिसला की स्पिरिटचा बोळा.
हातांचा तो वास जात नाही.
नवरा म्हणायचा,
तुझ्या हातची कोशिंबीरसुद्धा शंभर वर्षं टिकेल.

आणि आज टेबलावर ही.
जिला मी जन्मभर पुसत आले
तिच्याच ताटात जेवणारी.

मी सवयीनं ब्रश उचलला.
"माती काढू नका," डॉक्टर म्हणाले,
"माती काढली तर अर्धीच उरेल."
एक दाबली, एक बाटलीत ठेवली.
दाबलेली तिसऱ्या दिवशी काळी,
विझल्या काडीसारखी.
बाटलीतली अजून पांढरी,
पायाशी चिमूटभर रान घेऊन.

मग लेबल. अक्षर माझंच लागतं.
ठिकाण, उंची, तारीख.
पानांचा रंग: रेघ.
स्थानिक नाव:
वाट दाखवणारा फटी गावकर
साठ वर्षं त्याच रानात वावरलेला. म्हणाला होता,
बघितलीय की, पण
हाक मारायची वेळ कधी आली नाही.
रेघ.

सोबतची झाडं: इथे पेन थांबलं.
कुठलं झाड? धागा कुठवर गेला
कुणी मोजलाय?
त्या झाडाला तरी कुठे ठाऊक
आपण कुणाला जेवू घालतो.

अकरावीची माझी फी कुणीतरी भरली होती.
बाबा गेले, त्या वर्षी.
ऑफिसातल्या रेवणकरांनी खिडकीतून पावती सरकवली,
निळा शिक्का, नाव वाचता येईना.
"कुणी भरली?" विचारलं
तर म्हणाले, "पुढे सरक, मागे रांग आहे."
मी सरकले. सरकत सरकत इथवर आले.
रेवणकरही गेले आता.
पावती आहे, कपाटात, साडीच्या घडीत.
तिच्या दुमडीवर एक पांढरा ठिपका धरलाय,
चार पावसाळे झाले.
बोळा घेऊन दोनदा उभी राहिले.
ठिपक्याबरोबर शिक्काही निघेल,
म्हणून तशीच ठेवलीय.

सोबतची झाडं: एक तरी.
असं लिहिलं.
असं लिहीत नाहीत.
डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं,
खोडलं नाही, सही केली.

पाच वाजले.
मी बाटलीचं बूच मेणानं बंद करत होते
आणि शेवंती रोजच्यासारखी
कपाटाकपाटांतले बल्ब लावत निघाली.